कुठलं ‘हं’?

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आईशी फोनवर बोलत होतीस तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो आणि आईने फोन स्पीकरवर ठेवला होता. त्यामुळे हे चोरून ऐकणं नव्हे, निदान पूर्णपणे नव्हे. “मी काहीही सांगितलं की हा नुसतं हं म्हणतो, आणि चार दिवसांनी मलाच विचारतो, तू कधी सांगितलंस?” असं तू म्हणालीस. आईने तुझी काहीतरी समजूत घातली. फोन ठेवल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला तहान नसताना उठून पाणी प्यायला जावं लागलं. ते ‘हं’ आमच्या घरात 31 वर्षं नांदलं आहे.

जावयाला मी समोर अहोजाहो करतो, पण इथे तुझ्यासारखंच ‘तो’ म्हणतो. आणि हे पत्र त्याला वाचून दाखवू नकोस. सासऱ्याच्या पत्रातले उतारे बायकोच्या तोंडून ऐकण्याची पाळी कोणावर येऊ नये.

मी नोकरीभर काय केलं ते तुला ठाऊक आहे, हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून जमिनीवर बसून वैमानिकांना रेडिओवर सूचना देणं. कानाला हेडसेट, समोर प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी, आणि दिलेली सूचना लगेच त्या पट्टीवर टिपायची. मी वैमानिकाला उंची सांगितली की त्याने तोच आकडा मला परत म्हणून दाखवायचा. याला आम्ही रीडबॅक म्हणतो. तो नुसतं ‘बरं’ म्हणाला तर माझं काम झालेलं नसे, मी पुन्हा विचारायचो. त्याने परत म्हटलेलंही कान देऊन ऐकायचं, कारण तो चुकीचं बोलला आणि मी गप्प राहिलो तर ती चूक माझीही. पाळीचे सगळे तास अशा शिस्तीत बोलणारा हा माणूस घरी येऊन चपला काढता काढता ‘हं’ म्हणायला लागायचा.

रेडिओवरचा ‘रॉजर’ हा शब्द तू ऐकला असशील. लोकांना वाटतं तो होकार आहे. तो होकार नाही. त्याचा अर्थ एवढाच, की तुझं बोलणं मला पूर्ण मिळालं. पटलं का, करणार का, यातलं काहीही त्यात येत नाही. ‘समजलं आणि तसं करतो’ असं सांगायचं असेल तर वेगळा शब्द आहे, ‘विल्को’. माझं हं रॉजर होतं, तेही चांगल्या दिवशी. तुझी आई ते विल्को म्हणून ऐकायची.

तुला बेसिनचा नळ आठवणार नाही, तू पहिलीत असशील. आई म्हणाली, “बेसिनचा नळ गळतोय.” मी म्हटलं, हं. माझ्या लेखी संभाषण पूर्ण झालं होतं. तिने बातमी दिली, मी पोच दिली. तिसऱ्या दिवशी नळाखाली स्टीलचं एक भांडं आलं. ते आलेलं मी पाहिलंसुद्धा, आणि मला वाटलं, वा, सोय झाली! रात्री थेंब पडायचा, आधी टण्ण, आणि भांडं भरत आलं की टपक. आठव्या दिवशी मी रात्रपाळी करून घरी आलो तर ती पाना घेऊन बेसिनखाली बसली होती. बाही कोपरापर्यंत भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले. मी विचारलं, “काय झालं?” ती म्हणाली, “काही नाही.” मी म्हटलं, हं, आणि झोपायला गेलो.

संध्याकाळी उठल्यावर व्हायचं ते भांडण झालं. ती म्हणत होती, मी सांगितलं होतं. मी म्हणत होतो, तू ‘गळतोय’ एवढंच म्हणालीस, ‘दुरुस्त करा’ असं कधी म्हणालीस? शब्दाला शब्द लावून पाहिलं तर माझं बरोबर होतं, आणि त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी प्रशिक्षणार्थींना एका जुन्या अपघाताबद्दल शिकवताना मला तो नळ आठवला. 25 जानेवारी 1990 ची रात्र. कोलंबियाहून निघालेलं एक बोइंग 707 न्यूयॉर्कच्या जवळ आलं होतं, आत 158 माणसं. हवा खराब, विमानांची रांग, त्यामुळे याला वाटेत सव्वा तासाहून जास्त वेळ आकाशात घिरट्या घालत थांबवलेलं. पहिल्या प्रयत्नात धावपट्टी सापडली नाही. कॅप्टन सहवैमानिकाला म्हणाला, त्यांना सांग, आपली आणीबाणी आहे. सहवैमानिकाने रेडिओवर दिशेची सूचना नीट परत म्हटली, पुन्हा प्रयत्न करतो म्हणाला, आणि त्याच्या शेपटीला जोडून दिलं, आमचं इंधन संपत चाललंय. नियंत्रक म्हणाला, ओके. कॅप्टनने विचारलं, सांगितलंस ना? हो सर, सांगितलं.

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मते त्याने सांगितलं होतं. पण ‘आणीबाणी’ हा शब्द त्याच्या तोंडून रेडिओवर गेलाच नाही. आणि नियंत्रकाच्या बाजूने विचार कर. लांबून आलेल्या, रांगेत ताटकळलेल्या प्रत्येक विमानाचं इंधन संपतच आलेलं असतं. त्याच्या कानाला ती बातमी होती, हाक नव्हती. थोड्या वेळाने त्याने विचारलंही, मी तुम्हाला पंधरा मैल लांब नेऊन मग वळवतो, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना? सहवैमानिकाचं उत्तर होतं, चालेल असं वाटतं, आभारी आहे. काही मिनिटांत एकेक करून इंजिनं बंद पडली. 73 माणसं गेली. विमान कोसळलं तरी पेटलं नाही, कारण पेटायला काही उरलंच नव्हतं.

वर्गात मी हे सांगत होतो, आणि ‘चालेल असं वाटतं, आभारी आहे’ या वाक्यापाशी माझा आवाज अडकला. मला भिजलेली बाही दिसली आणि ‘काही नाही’ ऐकू आलं. पोरांना वाटलं, सर मेलेल्या माणसांसाठी हळवे झाले.

आता तू म्हणशील, बाबा नळाची तुलना विमान अपघाताशी करतात. करतो. नळाने कोणी मरत नाही हे खरं. पण बोलणाऱ्याने सांगितलं असं समजायचं आणि ऐकणाऱ्याने ऐकलं असं समजायचं, ही तऱ्हा दोन्हीकडे एकच. तपास अहवालात मुख्य ठपका वैमानिकांवर आला, त्यांनी आणीबाणी जाहीर केली नाही म्हणून. पण कमी इंधनासाठी सगळ्यांना एकाच अर्थाने कळतील असे ठरलेले शब्द नव्हते, हेही त्यात नोंदवलं गेलं. मला हा न्याय पटतो. इंधनाचा काटा ज्याच्या समोर आहे, त्याने मोठ्याने बोलायला हवं. पण खाली बसलेल्याने ‘ओके’वर भागवू नये.

तुझ्या समोर काटा आहे, बाळ. तू लहानपणापासून आडून बोलतेस. खेळायला जायचं असलं की ‘बाहेर ऊन कमी झालंय’ म्हणायचीस. आम्हाला ते कळायचं, कारण आम्ही तुझ्या तोंडाकडे बघत असायचो. तुझा नवरा कायम तुझ्या तोंडाकडे बघत नसतो. त्यावर तुझं उत्तर मला माहीत आहे, तुझ्या आईनेच मला ते दिलं होतं. ‘सांगावं लागतं, हेच तर दुःख आहे.’ न सांगता कोणाच्या तरी लक्षात यावं, ही हौस नव्हे, भूक आहे, आणि मी तिला हसणार नाही. फक्त त्या भुकेपायी नळ आठ दिवस गळत ठेवू नकोस. लक्षात येणं वेगळं माग, नळ वेगळा माग. दोन्ही एका वाक्यात कोंबलंस, तर त्याला जेमतेम नळ ऐकू येईल.

बायका अशाच आणि पुरुष तसेच, हे जे सगळे मजेत सांगतात, ते मीही वर्षानुवर्षं मित्रांत बसून सांगितलं. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा बरंचसं पोकळ निघालं. बायका पुरुषांच्या तिप्पट बोलतात म्हणे! 2007 मध्ये संशोधकांनी 396 विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रण यंत्रं ठेवून शब्द मोजले, तर मुली आणि मुलगे दोघेही दिवसाला सरासरी सोळा हजारांच्या आसपास. ते विद्यार्थी होते, नवरा-बायको नव्हते, हे कबूल. पण बायको मागे लागते आणि नवरा गप्प बसतो, हे तर जोडप्यांतच तपासलेलं आहे. बदल बायकोला हवा असला की चित्र तसंच दिसलं. विषय नवऱ्याच्या गरजेचा निघाला, की हा फरक बराच पुसट झाला. म्हणजे ज्याला काही बदलायला हवं असतं तो बोलत राहतो, आणि ज्याचं आहे तसं बरं चाललंय तो हं म्हणतो. आमच्या घरात माझं बरं चाललं होतं. एवढं साधं कारण मला कळायला साठी उलटावी लागली.

आणखी एक वाचलं, ते जास्त बोचलं. 2011 मधला प्रयोग. 24 जोडप्यांना पाठमोरं बसवून दुहेरी अर्थाची वाक्यं बोलायला लावली, आणि ऐकणाऱ्याने खरा अर्थ ओळखायचा. बोलणारा कधी जोडीदार, कधी परका. जोडीदाराला आपलं जास्त कळेल, असं सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात परक्यांना कळलं तेवढंच जोडीदारालाही कळलं. परक्या माणसाशी बोलताना आपण जरा सोडवून सांगतो. आपल्या माणसापुढे अर्धं वाक्य टाकतो आणि उरलेलं अर्धं त्याच्याकडे आहेच असं धरून चालतो.

मग मी घरी रीडबॅक सुरू केला. त्याचं हसं कसं झालं तेही ऐक. आई म्हणाली, “उद्या मला लवकर निघायचंय.” मी म्हटलं, “उद्या तुला लवकर निघायचंय.” ती म्हणाली, “मला काय पोपट हवा होता का?” तिला वाटलं मी वेडावतोय. दोन दिवस अबोला. चूक माझीच होती. वैमानिक शब्द परत म्हणतो, कारण तिथे शब्दाला एकच अर्थ असतो. घरी अर्थ परत म्हणून दाखवावा लागतो. “उद्या लवकर, म्हणजे मी गजर लावू, की दाराची किल्ली ठेवून जाशील?” यावर ती थांबली आणि म्हणाली, “नाही, सकाळी मला कशात अडकवू नका, एवढंच म्हणत होते.” बघ, मी लावलेले दोन्ही अर्थ चुकीचे होते! विचारलं नसतं तर मी गजर लावून, मोठं काम केल्याच्या थाटात हिंडलो असतो.

रेडिओवर नीट ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं, आणि समोरचा निमूट पुन्हा सांगतो. कोणी चिडत नाही, कोणाला अपमान वाटत नाही. घरी ‘काय म्हणालीस?’ विचारलं की उत्तर येतं, ‘जाऊ दे.’ तुझ्या फोनमध्ये परवा ते दोनदा ऐकलं, आणि दोन्ही वेळा तू आईशी बोलत होतीस, नवऱ्याशी नव्हे. एवढं एक सोडून बघ. त्याने ‘काय?’ विचारलं की ते उशिरा का होईना, त्याने उचललेलं हेडसेट आहे. लगेच लाइन कापलीस तर पुढच्या वेळी तो विचारायचा नाही, हं म्हणेल. ते सुरक्षित असतं.

त्याच्या हंबद्दल मात्र तुला सांगायलाच हवं, कारण ती भाषा मी आतून जाणतो. एक हं ‘ऐकलं’चं असतं, एक ‘पुढे बोल’चं. एक असतं कानावर पडलं पण मनापर्यंत पोचलं नाही असं, ते फोनकडे बघत येतं. आणि एक असतं, ‘आता बोललो तर भांडण होईल’ असं. हे शेवटचं सगळ्यात हळू येतं आणि बायकोला ते सगळ्यात बेफिकीर वाटतं. मी नळानंतर बरीच वर्षं तेच वापरलं. त्यामागे थोडी भीती होती, बरीचशी सोय होती. त्याचं कोणतं, ते मला इथून सांगता येणार नाही. त्यालाच विचार, पण हं म्हणाल्या क्षणी नको. तो बरा असताना विचार, आणि विचारून झाल्यावर गप्प बस. तुला गप्प बसणं जड जातं, ते माझ्याकडून आलेलं नाही.

इतकं लिहीपर्यंत आई मागे येऊन उभी राहिली. नळाचा परिच्छेद तिने दोनदा वाचला. भांडं स्टीलचं नव्हतं, ॲल्युमिनियमचं होतं म्हणते. मग जरा वेळ काहीच बोलली नाही, आणि ‘हं’ म्हणून आत गेली.

आता उठतो. कुठलं हं, ते विचारून येतो.

तुझा,
बाबा