तुमच्या रिलोडिंग किटबद्दल तक्रार: कापायचं हत्यार दिलंत, मोजायचं विसरलात

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 'सगळं एकाच बॉक्समध्ये' या रिलोडिंग स्टार्टर किटमधला सदोष डिजिटल काटा, बिनकामाचं सामान आणि बॉक्सवरचा चुकीचा दावा

नमस्कार,

चॅटवर आणि ईमेलवर बोलून झालंय पण दोन्हीकडे काहीच निष्पन्न झालं नाही, म्हणून आता सगळं एकदाच सविस्तर लिहितोय, कृपया पूर्ण वाचा आणि ज्याला यातलं कळतं अशा माणसाकडे पाठवा. मी लायसन्सवाला नेमबाज आहे, कागदपत्रं रीतसर आहेत, घरी रिलोडिंगची, म्हणजे झाडलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), पावडर आणि बुलेट घालून काडतूस परत भरायची परवानगी आहे. ९ मिमी पिस्तूल आणि .३०८ विंचेस्टर रायफल, दोन्हीची काडतुसं मी स्वतः भरतो. जुनं सामान दुसऱ्याला दिलं आणि तुमचं हे किट घेतलं, कारण बॉक्सवर ठळक अक्षरात लिहिलंय की 'उघडा आणि लगेच सुरू करा, आणखी काहीच लागणार नाही'. हे वाक्य साफ खोटं आहे आणि नवख्या माणसाच्या जिवाशी खेळणारं आहे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार डिजिटल काट्याची. काटा चालू केला, रिकामी वाटी ठेवून झिरो केला, एक बुलेट ठेवली, आकडा बरोबर. बुलेट उचलली, थोड्या वेळाने तीच बुलेट परत ठेवली तर आकडा ०.४ ग्रेनने जास्त, परत उचलून ठेवली तर आणखी वेगळा. वाटी काढली की उणे वजन दाखवतो तेही दर वेळी सारखं नाही, म्हणजे झिरो हळूहळू सरकतोय आणि तुम्हाला कळतही नाही कारण स्क्रीनवर आकडा एकदम ठाम दिसतो. दुसरा दोष याहून वाईट. ट्रिकलरने (पावडर दाण्यादाण्याने सोडायच्या नळीने) थोडे थोडे दाणे टाकत गेलं की आकडा हलतच नाही, तुम्ही टाकताय टाकताय आणि तो ढिम्म, मग एकदम उडी मारून पुढे जातो. आकडा स्थिर दिसावा म्हणून बारीक बदल गिळून टाकायची सोय बऱ्याच स्वस्त काट्यांत असते हे मला माहितीये, पण किचनमध्ये चालेल ते इथे चालत नाही. पावडर शेवटी दाण्यादाण्यानेच टाकायची असते, आणि नेमकं तेव्हाच हा काटा आंधळा होतो.

तुमच्या चॅटवरून उत्तर आलं की 'काट्याजवळ मोबाईल ठेवू नका' आणि तिकीट बंद! मोबाईल दुसऱ्या खोलीत होता हो. पंखा बंद, खिडकी बंद, काटा सपाट दगडी ओट्यावर, अर्धा तास आधी चालू करून ठेवलेला, बॅटरी नवीन, नंतर अडॅप्टर लावूनही बघितलं. आणि मी अंदाजाने बोलत नाहीये, माझ्याकडे स्वतःची चेक वेट (काटा तपासायची अचूक वजनं) आहेत, त्यांच्यावर तपासलंय, व्हिडिओ काढून ईमेलला जोडलाय. तो व्हिडिओ कुणी उघडूनसुद्धा बघितला नाही, हे आलेल्या उत्तरावरूनच दिसतंय.

आता कुणी म्हणेल ०.४ ग्रेन म्हणजे किती, तर हे तुमच्या सपोर्टवाल्यांसाठीच लिहितो. १ ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम, १ पौंडात ७००० ग्रेन. वजन म्हणून नगण्य. पण ९ मिमीची पुंगळी मुळात एवढीशी, तिच्यात पावडरही थोडीच जाते, त्यामुळे एवढासा फरक टक्क्यात बघितला तर मोठा होतो, आणि झाडताना आत तयार होणारा दाब काही सरळ रेषेत वाढत नाही, वरच्या टोकाला तर झपकन चढतो. ९ मिमीसाठी अमेरिकेतल्या सामी या मानक संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, .३०८ साठी ६२,०००. इतका दाब चेहऱ्यापासून हातभर अंतरावर तयार होतो, आणि त्याचा हिशोब तुम्ही ज्या काट्यावर सोडलाय तो एकाच बुलेटची तीन वजनं सांगतो.

म्हणून मी परत आधीचा दांडीचा काटा मागून आणलाय. बॅटरी नाही, स्क्रीन नाही, चुंबकाने दांडी शांत होते आणि आकडा मनाने सरकत नाही. दिसायला जुनाट आहे खरं, पण घरी काडतूस भरणाऱ्याकडे एकच चांगली वस्तू असायची असेल तर ती प्रेस (पुंगळी साच्यात दाबायचं यंत्र) नाही, काटा. प्रेस साधा असला तर फार तर वेळ जास्त लागेल, काटा खोटा असला तर बंदूक फुटेल. तुमच्या किटमध्ये बरोबर उलटं केलंय, प्रेस दणकट आणि काटा खेळण्यातला.

प्रेसबद्दल मात्र वाईट बोलणार नाही. सिंगल स्टेज, बिडाचा, हँडल घट्ट, रॅम (वर-खाली होणारा दांडा) सरळ चालतो, ७/८-१४ आट्यांचे कुठलेही डाय (पुंगळी दाबायचे साचे) बसतात. शिकणाऱ्याला हाच प्रकार बरा, एका वेळी एकच काम, लक्ष इकडेतिकडे जात नाही. प्रायमर हाताने बसवायचा हँड प्रायमरही छान आहे, प्रायमर तळाला टेकलेला बोटांना स्पष्ट जाणवतो, प्रेसच्या लांब हँडलवर ते तितकं जाणवत नाही. या दोन वस्तू ज्याने कुणी डिझाइन केल्या त्याला माझा निरोप सांगा की काम चोख आहे. मग उरलेलं किट दुसऱ्याच कुणीतरी भरलं का असा प्रश्न पडतो.

कारण उरलेल्यात निम्मं सामान शोभेचं आहे. प्रायमर पॉकेटचा (प्रायमर बसतो त्या खळग्याचा) ब्रश दिलाय, तोही दोन साइजचा. पॉकेट घासल्याने साध्या नेमबाजाच्या काडतुसात काही फरक पडतो असं मला आजवर दिसलेलं नाही, फक्त बोटं काळी होतात. फ्लॅश होल (प्रायमरची ठिणगी आत जाते ते भोक) साफ करायचं टूल दिलंय, ते बेंचरेस्ट खेळणाऱ्यांना लागत असेल, एकाच भोकात गोळ्या घालायच्या असतात त्यांना, पण स्टार्टर किटमध्ये त्याचं काय काम? प्लॅस्टिकच्या मापी चमच्यांचा सेट दिलाय, मोजमाप आकारमानाने, म्हणजे कसा भरला, किती ठोकला यावर वजन बदलणार, आणि सोबतच्या तक्त्यात कुठली पावडर ते अक्षर इतकं बारीक की वाचताच येत नाही. ते चमचे मी बाजूला काढून ठेवलेत.

लूब पॅडचं तर काय सांगू. पॅडवर पुंगळी लोळवायची की तेल लागतं, पण कुठे किती लागलं यावर ताबा राहत नाही. रायफलच्या पुंगळीला तेल कमी पडलं तर ती डायमध्ये अडकते आणि मग ती काढेपर्यंत नाकी नऊ येतात, जास्त झालं तर जास्तीचं तेल दाबलं जाऊन पुंगळीच्या खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) खड्डे पडतात. त्यात पॅडवर धूळ आणि पितळेचा कीस चिकटतो आणि तोच पुढे डायमध्ये जाऊन ओरखडे काढतो. एक छोटा लूब स्प्रे दिला असता तर जागाही कमी लागली असती. आणि पिस्तूलचे तुमचेच कार्बाइड (अतिकठीण, गुळगुळीत) डाय घेतले तर तेल लागतच नाही, म्हणजे किट घेणाऱ्या अर्ध्या लोकांना तो पॅड तसाही नको.

पावडर मेझर (हँडल फिरवलं की ठरलेलं माप टाकणारं यंत्र) मधल्यामध्ये आहे. गोल बारीक दाण्याची पावडर असेल तर छान टाकतो, सारखी टाकतो. पण रायफलची काडीसारख्या लांब दाण्याची पावडर घातली की आतला फिरणारा रोटर दाणे कापतो, हँडल मध्येच कचकन अडकतं, आणि त्या वेळी पडलेलं माप काट्यावर घालून बघावंच लागतं, मग परत काटा आलाच. शिवाय हॉपरच्या (वरच्या पावडरच्या डब्याच्या) प्लॅस्टिकबद्दल पुस्तिकेत एक ओळ हवी होती की काम झालं की पावडर परत मूळ डब्यात ओता, कारण काही पावडरी प्लॅस्टिक खातात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हॉपरमध्ये कुठली पावडर राहिली होती हे दुसऱ्या दिवशी कुणीच खात्रीने सांगू शकत नाही.

आता जे दिलंच नाही त्याबद्दल, आणि माझा खरा राग इथे आहे. तुम्ही केस ट्रिमर (लांबलेली पुंगळी कापायला) दिलाय, चॅम्फर टूल (कापलेल्या तोंडाची धार घासायला) दिलंय, आणि लांबी बारीक मोजायचा व्हर्नियर नाही! .३०८ ची पुंगळी जास्तीत जास्त ५१.१८ मिमी लांब असावी, उडवून डायमध्ये दाबून परत साइज केली की पितळ पुढे सरकतं आणि ती लांबते, मर्यादेबाहेर गेली तर तिचं तोंड चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेच्या) टोकाला आवळलं जातं, बुलेट सहज सुटत नाही आणि दाब वाढतो. म्हणून तर ट्रिमर. पण किती कापायची, कापायची की नाही, हे व्हर्नियरशिवाय कळणार कसं, डोळ्यांनी? बुलेट किती आत बसली हेही त्यानेच मोजायचं, आणि ९ मिमीत ती जरा जास्त खोल गेली तरी आतली जागा कमी होऊन दाब वाढतो. साधा बऱ्यापैकी व्हर्नियर ही या धंद्यातली काट्याच्या खालोखालची वस्तू आहे आणि ती तुमच्या यादीतच नाही.

लोडिंग ब्लॉक नाही. म्हणजे भोकं पाडलेला साधा ठोकळा हो, ज्यात पन्नास पुंगळ्या उभ्या राहतात आणि बुलेट बसवायच्या आधी टॉर्च मारून सगळ्यांतली पावडरची पातळी एका नजरेत दिसते. ९ मिमीच्या पुंगळीत काही पावडरी दोनदा पडल्या तरी बाहेर सांडत नाहीत, वरून न बघता बुलेट बसवली की झालं. आणि पावडर पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर बुलेट नळीत अर्ध्यावर अडकते आणि मागून दुसरी झाडली की नळी फुटते. हे सगळं टाळणारी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे हा ठोकळा. दोन ब्रश काढले असते तर तो बॉक्समध्ये आरामात मावला असता.

बुलेट पुलर नाही. तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय की 'शंका आली तर काडतूस उघडा'. कशाने उघडू, पक्कडीने? हातोड्यासारखा दिसणारा साधा पुलर दिला असता तर माणूस शंका आल्यावर खरंच उघडतो, नाही दिला तर 'असू दे, होईल ठीक' म्हणून तेच काडतूस रेंजवर घेऊन जातो. केस गेज (पुंगळीचं माप तपासायचा साचा) नाही, चेक वेट नाही, डोळ्यांना लावायचा चष्मासुद्धा नाही. प्रायमरमध्ये शिसं असतं, काम झालं की हात धुवा, तिथे बसून खाऊ नका, एवढं एक वाक्यही नाही. आणि लोडिंग मॅन्युअल (कुठल्या बुलेटला कुठली पावडर किती, ते सांगणारं पुस्तक) नाही! त्याऐवजी तुमच्या जाहिरातीचा रंगीत कॅटलॉग. छापील, तपासलेलं मॅन्युअल नसेल तर नवखा माणूस इंटरनेटवर कुणीतरी टाकलेला आकडा उचलणार, हे तुम्हाला कळत नाही असं मी मानायला तयार नाही.

मला काय हवंय ते सरळ सांगतो. काट्याचे पूर्ण पैसे परत, बदली म्हणून तेच मॉडेल अजिबात पाठवू नका. ज्यांनी हे किट घेतलंय त्या सगळ्यांना कळवा की चेक वेटने तपासल्याशिवाय हा काटा वापरू नये, तुमच्याकडे सगळ्यांचे ईमेल आहेत, ऑफरचे मेल रोज येतात तेव्हा हेही पाठवता येईल. बॉक्सवरचं 'आणखी काहीच लागणार नाही' काढा आणि तिथे लिहा की मॅन्युअल, व्हर्नियर, चेक वेट आणि पुलर वेगळे घ्यावे लागतील. पुढच्या खेपेला ब्रश, चमचे आणि पॅड काढून त्या जागी ठोकळा आणि पुलर भरा, खर्च फारसा वाढणार नाही असं मला वाटतं.

काट्याचा सिरीयल नंबर, बिल आणि व्हिडिओ परत एकदा सोबत जोडतोय. काटा बॉक्ससकट पॅक करून ठेवलाय, कुरिअर पाठवा, तुमच्या खर्चाने. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाणार, आणि आमच्या क्लबमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हे किट घेऊ नका म्हणून सांगणार, प्रेस सुटा मिळत असेल तर तेवढा घ्या म्हणेन.

आपला,
किट घेतलेला एक ग्राहक