तुझ्या भाच्याची दोन बोटं

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं, रागावू नकोस. इकडे सगळं ठीक, बीपीची गोळी चालू आहे. आज लिहितोय ते तुझ्या भाच्यासाठी, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

ताईंनी त्याच्या रियाजाचा व्हिडिओ पाठवलाय. पियानोवर उजव्या हाताने सी मेजर सप्तक चढताना तिसऱ्या बोटापर्यंत सगळं सुरळीत. 'बी' स्वरावर चौथ्या बोटाची वेळ आली की अनामिका पट्टीवर पडण्याआधीच आत मुडपते आणि करंगळी तिच्यामागोमाग तळव्याकडे ओढली जाते. दुखत काहीच नाही म्हणे. बोटं कमजोर आहेत, तास वाढव, असं कुणीतरी त्याला सांगितलंय आणि तो वाढवतोय. माझा जीव टांगणीला लागलाय तो याच गोष्टीने.

अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशरचं काय झालं ते आठव. नवव्या वर्षी आर्तुर श्नाबेलकडे शिकायला लागलेला मुलगा, 1944 मध्ये सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर ब्राम्सचा डी मायनर कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्राची मोठी रचना) वाजवला, 1952 मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली. मग कंडक्टर जॉर्ज सेल आणि क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबरची ती बीथोव्हन-ब्राम्सची रेकॉर्डिंग्ज, ज्यांच्यावरून आपण रात्रभर भांडलो होतो. (सेलने त्याला जखडून ठेवलं, हे तुझं म्हणणं मला अजून मान्य नाही!) आणि मग 1964 च्या सुमारास हीच दोन बोटं, हाच हात मुडपायला लागला. तो तेव्हा छत्तीस वर्षांचा. त्याने रियाज कमी केला नाही, वाढवला. 1965 मध्ये सेलबरोबर सोव्हिएत दौऱ्यावर जायचं होतं, ऐन वेळी माघार घ्यावी लागली. या आजाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात, हे निदान व्हायलाच कित्येक वर्षं गेली.

यात स्नायू कमजोर नसतात. मेंदूत प्रत्येक बोटाची जागा वेगळी असते. एकच बारीक हालचाल अतोनात घोटली की त्या जागा एकमेकींत मिसळू शकतात. मग एका बोटाला दिलेला हुकूम शेजारचीही उचलतात, बोट मिटवणारे आणि उघडणारे स्नायू एकाच वेळी ताणतात. अशा वेळी जोर लावून घोटलं तर मेंदू चुकीचीच हालचाल पक्की करतो.

म्हणून त्याला फोन कर. माझं ऐकणार नाही, मामाचं ऐकेल. आधी तो पॅसेज बंद. मग दोन व्हिडिओ काढायचे, पट्ट्यांवर वाजवताना वरून आणि बाजूने, आणि तीच बोटं तशीच टेबलावर चालवताना. टेबलावर बोटं सरळ राहिली तर डिस्टोनियाचा संशय वाढतो, कारण तो बहुधा त्या एका कामापुरताच असतो. मुंग्या येतात का, करंगळी बधिर होते का, हेही विचार. तसं असेल तर कोपराजवळ अल्नर नर्व्ह (करंगळीकडे जाणारी नस) दबलेली असू शकते, त्यासाठी नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसेतून संदेश नीट जातो का याची तपासणी. दाखवायचं न्यूरॉलॉजिस्टला, त्यातही मूव्हमेंट डिसऑर्डर, म्हणजे हालचालींचे विकार, बघणाऱ्याला. हाडांच्या डॉक्टरकडे खेटे घालण्यात वेळ जायला नको.

इलाज नाही असं नाही. फ्लायशरला नव्वदच्या दशकात बोटॉक्स आणि खोल मालिश यांनी हात परत मिळाला. बोटॉक्स देतात ते बोटांत नव्हे, कोपर ते मनगट या भागातल्या बोटं मिटवणाऱ्या स्नायूंत. काही दिवसांत गुण येतो, साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा. डोस जास्त झाला किंवा सुई जरा चुकली तर शेजारचं चांगलं बोटही ढिलं पडतं. हा आजार जात नाही, आवरता येतो. म्हणूनच लवकर जायला हवं.

आणि मधल्या काळात काय, तर इथे आपलं दुसरं भांडण. पियानो सुटला की लोक बॅटन धरतात, म्हणजे ऑर्केस्ट्राचे कंडक्टर होतात, असं तू म्हणायचास. अरे, बॅरनबॉईम आणि अश्केनाझी हे पियानोवादक कंडक्टर झाले तेव्हा त्यांचा पियानो कुठे सुटला होता? फ्लायशरचा सुटला हे खरं, पण 1967 मध्ये वॉशिंग्टनला थिएटर चेंबर प्लेअर्स हा वादकसंघ, 1970 पासून बारा वर्षं अ‍ॅनापोलिस सिम्फनी ऑर्केस्ट्रा, हे सगळं त्याने जीव ओतून केलं. कंडक्टिंग करताना पियानोवाल्याचं पहिल्यांदा चुकतं ते एकाच ठिकाणी. पट्टी दाबली की सूर लगेच येतो, म्हणून तो सुराबरोबर हात खाली आणतो. ऑर्केस्ट्राला इशारा त्याआधी लागतो. हात वर नेण्याच्या त्या एका हालचालीतच लय, जोर आणि फुंकून वाजवणाऱ्यांचा श्वास, सगळं यावं लागतं. शिवाय स्कोर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी, वाचायची: व्हायोलाची वेगळी क्लेफ (स्वरांची जागा ठरवणारी खूण), बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिलेल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतं, एफ हॉर्न पाच स्वरांच्या अंतराने (फिफ्थ) खाली. तुझ्या भाच्याला स्कोर वाचता येतो, त्याने आत्ताच सुरुवात करावी. डावा हात तर मोकळाच आहे: पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विटगेनश्टाइनसाठी रावेलने फक्त डाव्या हातासाठी लिहिलेला कॉन्चेर्टो त्याने उघडावा. त्यात सूर बहुतेक अंगठा गातो, खर्ज पेडल धरून ठेवतं, आणि वरच्या पट्ट्या गाठायला बाक थोडा उजवीकडे सरकवून बसावं लागतं.

तुझ्या नव्या घराचं वाचून बरं वाटलं, फोटो पाठव. वहिनींना नमस्कार, धाकटीला परीक्षेसाठी शुभेच्छा. पण आधी फोन, आजच रात्री. तुमच्याकडे सकाळ असेल तर सकाळीच. न्यूरॉलॉजिस्टची तारीख ठरली की मला कळव, हॉस्पिटलात त्याच्याबरोबर मी जाईन.

तुझाच,
जुना भांडखोर