मेल्कचा मठ आजही नांदता आहे

रविवारच्या पुरवणीतील ऑस्ट्रियातल्या मेल्क मठावरचा लेख वाचला. वर्णन देखणे आहे, पण ‘एके काळी येथे संन्यासी राहत’ हे वाक्य चुकीचे आहे आणि त्यामुळे सगळा मठच संग्रहालय वाटू लागतो. संन्यासी आजही तेथे राहतात.

१०८९ मध्ये ऑस्ट्रियाचा तेव्हाचा शासक लिओपोल्ड दुसरा याने डॅन्यूब नदीकाठच्या खडकावरील आपला गड बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संघाच्या संन्याशांना दिला. आज दिसणारी पिवळी, भव्य वास्तू १८व्या शतकातील, याकोब प्रांटाउअर या वास्तुकाराच्या आराखड्याची. लेखाचा सारा भर तिच्यावर आहे. पण मठ टिकला तो विद्येच्या बळावर. सम्राट जोसेफ दुसरा याने शेकडो मठ बंद केले, तेव्हा शिक्षणातील कामामुळे मेल्क वाचला. १९३८ नंतर नाझी राजवटीने मठाची शाळा ताब्यात घेतली. युद्ध संपल्यावर ती परत मिळाली. आज तेथे सुमारे ९०० मुलेमुली शिकतात. लेखात मात्र शाळेचा उल्लेखही नाही! मी आयुष्यभर शिकवण्याचे काम केले, म्हणून हे अधिकच खटकले.

आपल्या सदर भागातील कॅथेड्रलच्या परिसरात शिकलेल्या नागपूरकरांना चर्च आणि शाळा यांचे नाते वेगळे सांगायला नको. पर्यटकांना वाचनालय आणि सोनेरी वेदी दाखवावीच. पण प्रार्थना, अध्यापन आणि ग्रंथजतन हा तेथील रोजचा दिनक्रमही सांगावा. पुढच्या रविवारी तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ, नागपूर