चपला दाराबाहेर, खोकला मात्र आत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्याकडं कुठल्याही दवाखान्यात जा, दारातच पाटी असते, 'चपला बाहेर काढाव्यात'. कुणी वाद घालत नाही, गरीब असो श्रीमंत असो, गुमान चपला काढून आत जातो. आत मात्र वीस-पंचवीस माणसं बंद खोलीत नंबरची वाट बघत दीड-दोन तास खोकत बसलेली असतात आणि त्याबद्दल एकही पाटी नसते. मला हे पत्र त्यासाठीच लिहायचंय, कारण माझ्या सासूबाई चपलेच्या मातीनं आजारी पडल्या नाहीत, शेजारच्या कॉटपाशी बसलेल्या माणसाच्या खोकल्यानं पडल्या.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आई (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो) बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. वय 74. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर चांगले, सिस्टर रात्री-अपरात्री हाकेला धावून यायच्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही आणि हॉस्पिटलचं नाव मी घेणार नाही कारण बऱ्याच ठिकाणी हीच तऱ्हा आहे. सहा कॉटची खोली, स्प्लिट एसी चालू, खिडक्या घट्ट बंद. शेजारच्या कॉटवर पोटाचं ऑपरेशन झालेल्या एक बाई होत्या, त्यांना बघायला गावाकडनं माणसं यायची, त्यातला एकजण दोन दिवस उशाशी बसून खोकत होता, आम्ही सगळ्यांनी ते बघितलं आणि कुणीच काही बोललो नाही, मीसुद्धा नाही. आधी त्या बाईंना ताप आला, मग ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी आईंना. टेस्ट केली तर दोघींनाही फ्लू. आईंना त्यातनं न्यूमोनिया झाला, नऊ दिवस आयसीयू. पैसे गेले ते गेले, पण वॉकर धरून पुन्हा चालायला शिकायचे जे दिवस होते ते झोपून गेले, आणि आज घरातल्या घरात न्यायलासुद्धा दोघंजण लागतात. हाड जुळलंय, चालणं गेलंय.

तेव्हापासून मी याबद्दल जमेल तेवढं वाचतीये आणि जे कळलं त्यानं झोप उडाली. पहिली गोष्ट म्हणजे स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही. खोलीतली तीच हवा ओढायची, गार करायची आणि परत सोडायची, एवढंच तो करतो. माणूस बोलतो, खोकतो किंवा नुसता श्वास सोडतो तेव्हा जे अगदी बारीक कण बाहेर पडतात ते लगेच जमिनीवर पडत नाहीत, देवापुढं अगरबत्ती लावली की वास जसा घरभर फिरतो तसे ते बंद खोलीत फिरत राहतात. गोवरचा विषाणू तर माणूस खोलीतनं निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. आणि टीबी हवेतनंच पसरतो हे तर आपल्याला केव्हापासून माहितीये, जगातल्या टीबी पेशंटपैकी साधारण पाव पेशंट आपल्या देशात आहेत, तरी आपल्या ओपीडीच्या खिडक्या बंद.

कोविडच्या वेळी यात मोठा घोळ झाला. 28 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेनं ट्विट केलं होतं की कोविड हवेतून पसरत नाही. मग आपण काय केलं, भाजी सोड्याच्या पाण्यात धुतली, दुधाच्या पिशव्या पुसल्या, रस्त्यांवर हायपोक्लोराईट फवारलं. हवेतनं पसरतो हे त्यांनी नंतर मान्य केलं, पण तोपर्यंत लोकांच्या डोक्यात 'पुसा आणि फवारा' एवढंच बसलं होतं आणि अजून तेच बसलंय. हॉस्पिटलात आजही फरशी दिवसातनं तीन वेळा फिनेलनं पुसतात, हवेकडं कुणी बघत नाही.

गुढीपाडव्याच्या तोंडावर, 2022 ला, महाराष्ट्रातले सगळे निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. बाजारात, लग्नात, एसटीत मास्क नको हे मला मान्य आहे, माणसं दोन वर्षं घुसमटली होती. पण बाजार आणि हॉस्पिटल एकाच तराजूत कसं तोलायचं? बाजारात जायचं की नाही हे मी ठरवू शकते. डायलिसिसला आठवड्यातनं दोन-तीन वेळा जाणारा पेशंट ठरवू शकत नाही, केमो चालू असलेलं लेकरू ठरवू शकत नाही, आणि खुबा मोडलेल्या माझ्या सासूबाई तर कुशीवरही वळू शकत नव्हत्या. पुण्यात 2009 ला स्वाइन फ्लू आला तेव्हा पण हेच झालं होतं, सगळ्या शहरानं तोंडाला मास्क नाहीतर रुमाल बांधला, साथ ओसरली, रुमाल सुटले, आणि हॉस्पिटलच्या ओपीड्या होत्या तशाच राहिल्या. दोन साथी येऊन गेल्या.

नियम नाहीत असंही नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानं हवेतनं होणारा संसर्ग रोखण्यासाठी 2010 सालीच मार्गदर्शक सूचना काढल्यात, म्हणजे कोविडच्या दहा वर्षं आधी. ओपीडीतली हवा तासाला किमान 6 वेळा बदलली पाहिजे, जास्त धोक्याच्या खोल्यांत 12 वेळा, खोकणाऱ्या पेशंटला वेगळं बसवा, त्याला मास्क द्या, त्याचा नंबर आधी घ्या. मी गेल्या वर्षभरात आईंना घेऊन तीन-चार हॉस्पिटलांत फिरले, यातलं काहीही कुठं बघितलं नाही.

आणि हे जमतं हे सिद्ध झालेलं आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलात टीबीच्या वॉर्डातली हवा नळीनं वरच्या मजल्यावर ठेवलेल्या गिनीपिगांपर्यंत नेली होती, फक्त हवा, बाकी कसलाही संपर्क नाही. ज्यांना ती हवा तशीच मिळाली त्यांच्यातल्या काहींना टीबी झाला, ज्यांना अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालनं गेलेली हवा मिळाली त्यांना झाला नाही. सत्तर वर्षं होत आली याला! केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स हॉस्पिटलात कोविडच्या वॉर्डात हवा गाळणारी मशिनं ठेवून बघितलं, मशिन बंद असताना वॉर्डाच्या हवेत विषाणू सापडत होता, चालू असताना सापडला नाही.

एवढ्या मोठ्या गोष्टी आपल्याकडच्या छोट्या हॉस्पिटलला परवडणार नाहीत असं लोक म्हणतील. मग जुनी सिव्हिल हॉस्पिटलं आठवा, उंच छत, छताजवळ झरोके, समोरासमोर मोठ्या खिडक्या, आरपार वारा. आमच्याकडं वानलेसवाडीला टीबीचं सॅनिटोरियम होतं, तिथं मोकळी हवा हाच उपचाराचा मोठा भाग होता. खिडक्या का बंद ठेवता विचारलं तर उत्तर येतं डास येतात, आणि ते खरंय, डेंग्यूच्या दिवसांत कुणी उघड्या खिडकीशी पेशंट ठेवणार नाही. पण जाळी बसवता येते की. एसी हवाच असेल तर दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा आणि एक एक्झॉस्ट फॅन लावा, काही हजारांचं काम आहे, आयसीयूच्या एका दिवसापेक्षा स्वस्त.

हाताचं पण सांगते. आईंच्या कॉटच्या पायाशी सॅनिटायझरचं स्टँड होतं, बाटली नव्हती. कॅथेटर, सलाईनची सुई, व्हेंटिलेटरची नळी, या सगळ्यांतनं जंतू आत जातात आणि ते बऱ्याचदा हातानंच एका पेशंटकडनं दुसऱ्याकडं जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 ला सांगितलंय की आपल्यासारख्या देशांत हॉस्पिटलात भरती होणाऱ्या 100 पैकी 15 जणांना तिथंच नवीन संसर्ग होतो, श्रीमंत देशांत 7 जणांना, आणि नीट काळजी घेतली तर यातले 70 टक्क्यांपर्यंत टाळता येतात. 5 मे हा दरवर्षी हात स्वच्छतेचा जागतिक दिवस असतो, आणि 5 मे 2023 लाच कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं. त्याच दिवशी आमच्या इथल्या बाटल्या पण संपल्या की काय असं वाटतं मला.

माझी मागणी साधी आहे. हॉस्पिटलच्या दारातनं आत येणाऱ्या प्रत्येकाला मास्क, पेशंट, नातेवाईक, डॉक्टर, वॉर्डातले मामा, मावशी सगळ्यांना, आणि तो कायमचा, चपलेच्या पाटीसारखा. गोरगरिबांना दारातच फुकट मिळावा. ज्याला सर्दी-खोकला आहे त्यानं पेशंटला बघायला येऊच नये, फोन करावा, नाही आलो तर लोक काय म्हणतील हा विचार सोडावा. हे कुणाला घाबरवायला नाही. आजारी माणूस खोकतो यात त्याचा काही गुन्हा नाही, म्हणून तर मास्क सगळ्यांनाच पाहिजे, एकट्यालाच घालायला लावला की त्याला वाळीत टाकल्यासारखं होतं. आणि सगळ्यात जास्त फायदा तिथं रोज ड्यूटी करणाऱ्यांचा आहे, निवासी डॉक्टरांना आणि सिस्टरना टीबी झाल्याच्या बातम्या आपणच छापता.

आपल्याला एक विनंती. कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं मीटर मिळतं, काही हजारांत, तळहातावर मावतं. उघड्यावर साधारण 420 आकडा येतो. बंद खोलीत तो 2300 च्या आसपास गेला तर ढोबळ हिशेबानं आपल्या दर 20 श्वासांतला 1 श्वास दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातनं आलेला असतो. आपल्या बातमीदारांनी हे मीटर घेऊन सोमवारी सकाळी अकरा वाजता सरकारी आणि खाजगी ओपीड्यांत जाऊन बसावं, जो आकडा येईल तो छापावा, पावसाळ्यात परत जावं आणि परत छापावा. पुढच्या गुरुवारी आईंना पुन्हा दाखवायला न्यायचंय, मीटर मिळालं तर मी पण घेऊन जाईन आणि जो आकडा येईल तो आपल्याला कळवीन.

आपली नियमित वाचक,
सांगली