नाटकाच्या गाडीत मच्छरदाण्याही चढवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, नाटकं सुरू होतात आणि वडशातल्या नाटक कंपन्यांच्या गाड्या होळीपर्यंत गावोगाव फिरतात. मी तबला वाजवतो, चौदा हंगाम झाले. यंदाचा हंगाम तोंडावर आहे म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षी गडचिरोलीत धानोरा, एटापल्लीकडे आमचे सलग प्रयोग होते. नाटक रात्री दहाला उभं राहतं, पहाटे उतरतं. मलेरियाचा ॲनाफिलिस डास चावतो तो याच वेळात, दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत. पायजम्याखाली घोट्यावर शेपूट वर करून बसलेला डास मला दिसत होता, पण दोन्ही हात तबल्यावर. ठेका कसा सोडणार?

घरी आल्यावर बाराव्या दिवशी दुपारी दात वाजू लागले. दोन ब्लँकेटं, वर आईची वाकळ, तरी थंडी जाईना. मग ताप, मग घामानं अंथरूण ओलं. एका दवाखान्यात टायफॉईड समजून तीन दिवस सलाईन लावलं. कुठं जाऊन आलात, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी गावच्या आशा सेविकाताईंनी बोट टोचून मलेरियाच्या किटवर रक्ताचा थेंब घेतला. पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटली. फाल्सिपेरम! हा मलेरियाचा मेंदूपर्यंत जाणारा प्रकार, त्यात चार दिवस फार झाले. योग्य गोळ्या मिळाल्या आणि वाचलो.

आमच्या ऑर्गनवाल्याला व्हायव्हॅक्स, म्हणजे मलेरियाचा दुसरा प्रकार, निघाला. त्याला प्रायमाक्वीनच्या १४ दिवसांच्या गोळ्या होत्या; पाचव्या दिवशी बरं वाटलं आणि त्यानं सोडल्या. या तापाचे जंतू यकृतात दडून राहतात. उन्हाळ्यात घरीच असताना तो पुन्हा कुडकुडत पडला.

आम्ही निदान इथलेच. मुंबई-पुण्याहून हंगामापुरते येणारे कलाकार परत गेल्यावर आजारी पडतात. तिथल्या डॉक्टरला मलेरिया सुचेलच असं नाही. म्हणून ताप आला की पहिलं वाक्य हेच सांगा : मी गडचिरोलीच्या जंगलभागात जाऊन आलो, रक्त तपासा. नाटकाला पाहुणे म्हणून येणाऱ्या लेकी-जावयांनीही हे ध्यानात ठेवावं.

त्या गावांत सरकारनं दिलेल्या, डास मारणारं औषध लावलेल्या मच्छरदाण्या असतात. आम्ही मात्र प्रयोगानंतर शाळेच्या व्हरांड्यात उघडे झोपतो. नाचणाऱ्या मुलींचे हात, पाठ, पाय रात्रभर उघडे. त्यांनी लावलेलं डास पळवणारं मलम घामानं जातं, ते मधे मधे पुन्हा लावायला कुणी वेळ देत नाही. वाजवणाऱ्यांनी तरी पूर्ण बाह्या आणि मोजे घालावेत. थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यांना डॉक्टर मलेरिया टाळण्यासाठी डॉक्सीसायक्लिनची रोजची गोळी देऊ शकतात. ती निघण्याच्या २ दिवस आधी सुरू करून परतल्यावर ४ आठवडे घ्यावी लागते. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही. डॉक्टरला विचारूनच घ्यावी.

कंपनीमालकांना हात जोडून विनंती आहे. पडदे, लाईट, साऊंड एवढं सगळं गाडीत चढतं, त्यात वीस-पंचवीस मच्छरदाण्या आणि मलमाचा एक डबा सहज मावेल. माझी मच्छरदाणी मी डग्ग्याशेजारी बांधून ठेवली आहे. बाकीच्यांची कंपनीनं घ्यावी.

आपला,
एक तबलावादक
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर