अंतर्गाभा घन आहे, दुरुस्ती छापा

संपादक महोदय,
स.न.

रविवारच्या पुरवणीत पृथ्वीच्या पोटाचं जे चित्र छापलंत ते बघून राहवेना म्हणून लिहितोय. मधोमध लालभडक गोळा आणि त्याखाली 'धगधगता लाव्हारस'. अहो, लाव्हा म्हणजे वितळलेला खडक, तो वरच्या थरांतून येतो. गाभा सुरू होतो जवळपास २,९०० किलोमीटरवर, आणि तो लोखंड-निकेलचा. त्यातला बाहेरचा भाग द्रव, पण आतला, साधारण १,२२० किलोमीटर त्रिज्येचा, घन आहे.

आता हे एवढं मनाला का लागलं ते सांगतो. माझी नात आठवीत आहे. क्लासच्या चाचणीत अंतर्गाभ्याची अवस्था विचारली होती, तिने घन लिहिलं, कारणही लिहिलं, प्रचंड दाब. सरांनी लाल रेघ मारली, दोन मार्क गेले. सोमवारी ती शाळेचं पुस्तक घेऊन दाखवायला गेली तर सरांनी तुमची पुरवणी पुढे केली, म्हणाले पेपरवाले चुकीचं छापतील का, आणि पाच हजार डिग्रीला लोखंड घट्ट राहीलच कसं. पोरगी रडत घरी आली. मार्कांचं सोडा, बरोबर लिहून चूक ठरलो हे तिला जास्त लागलं.

सरांची शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर तुम्ही त्याच पानावर द्यायला हवं होतं. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभरला उकळत नाही, वर जावं लागतं, तसंच दाबाखाली लोखंडाचा वितळायचा बिंदूही वर सरकतो. तिथे दाब आहे आपल्या हवेच्या तीस लाख पटींच्या वर. म्हणून इतकं तापूनही ते वितळत नाही. बाह्यगाभ्यात दाब त्या मानाने कमी, म्हणून तिथे द्रव.

आणि हे कोणी खणून बघितलेलं नाही, रशियातलं कोलाचं भोक १२ किलोमीटरवरच थांबलं. सगळं भूकंपाच्या लहरींवरून कळलंय. १९२९ च्या न्यूझीलंडच्या भूकंपाच्या लहरी जिथे पोचायलाच नकोत तिथे नोंदल्या गेल्या, त्यावरून १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान बाईंनी सांगितलं की गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे. केवढी मोठी गोष्ट! नातीला सांगितली तेव्हा कुठे ती हसली. तुमच्या अख्ख्या पानात त्या बाईंचं नावसुद्धा नाही.

अजून एक. अलिबागवर तुम्ही दर सुट्टीत पानभर छापता, बीच, मासे, रिसॉर्ट. तिथली चुंबकीय वेधशाळा कधीच नाही. ती आधी मुंबईत कुलाब्याला होती; तिथे विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने नोंदी बिघडणार म्हणून ती १९०४ च्या सुमारास अलिबागला नेली, आणि पृथ्वीच्या ज्या चुंबकत्वाची नोंद तिथे होते ते मुख्यतः याच द्रव बाह्यगाभ्यातल्या हालचालीतून तयार होतं. मुलांना घेऊन जाणारे आईबाप हे वाचून निदान चौकशी तरी करतील.

दुरुस्ती कोपऱ्यात बारीक टायपात नको, त्याच पानावर आणि नवीन चित्रासकट छापा. नात ते कात्रण घेऊन सरांकडे जाणार आहे.

आपला,
एक जुना वाचक, सातारा