चि. माऊ, रात्रीच्या लाईटबद्दल

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जाम वैतागलेली होतीस. इथिक्सचा, म्हणजे नीतिशास्त्राचा, पेपर कम्पल्सरी आहे, त्यात नुसती बडबड आहे, तत्त्वज्ञ कांट काय म्हणाला आणि बेंथम काय म्हणाला, आणि माझं काम तर सगळं ऑप्टिमायझेशनचं, त्यात ह्या म्हाताऱ्यांचं काय अडलंय, असं म्हणालीस. मी हसलो आणि फोन आईकडे दिला. पण नंतर दोन दिवस ते डोक्यातून जाईना म्हणून हे टाईप करतोय. बोलून टाईप करायचं आईने शिकवलंय पण ते फीडर (सबस्टेशनातून निघणारी विजेची लाईन) ह्या शब्दाचं भलतंच काहीतरी करतं, त्यामुळे एका बोटाने चाललंय, चुका सांभाळून घे.

तुझ्या थिसिसचं मला कळलं ते एवढं, की घरातली विजेची गाडी, वॉशिंग मशीन, घर गरम ठेवणारा हीट पंप कधी चालवायचं ते तुझं सॉफ्टवेअर ठरवणार. वीज स्वस्त असली की चालू, महाग झाली की बंद. ग्रिडवरचा ताण कमी होणार, माणसाचे पैसे वाचणार. लोड शिफ्टिंग म्हणतेस तू त्याला. अगं बाई, हे तर मी आख्खी नोकरीभर केलं! 33/11 केव्हीच्या, म्हणजे 33 हजार व्होल्टची वीज 11 हजारावर उतरवणाऱ्या, सबस्टेशनला ऑपरेटर म्हणून बसून. फक्त आमच्याकडे ॲप नव्हतं, भिंतीवर चिकटवलेलं टाईमटेबल होतं आणि ब्रेकरचं, म्हणजे लाईनच्या मोठ्या स्विचचं, हँडल माझ्या हातात होतं.

टाईमटेबल कशापायी ते तुला लगेच कळेल. दिवसा कारखाने, संध्याकाळी घराघरात दिवे आणि टीव्ही, रात्री अकरानंतर मागणी धाडकन खाली. कोळशावरचा प्लँट काही पंख्यासारखा बटण दाबून बंद-चालू होत नाही, तो चालूच ठेवावा लागतो, मग रात्रीचा खड्डा भरायला कुणाचा तरी लोड तिकडे ढकलायचा. कुणाचा? जो थांबू शकतो त्याचा. आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की शेतीपंप थांबू शकतो. उसाला दुपारी पाणी दिलं काय आणि पहाटे दिलं काय, उसाला काय कळतंय. म्हणून पंपाला लागणारी थ्री फेज वीज चक्राकार, म्हणजे आळीपाळीने, काही दिवस दिवसा 8 तास, काही दिवस रात्री 10 तास. बघ, रात्रीचे दोन तास जास्तच दिले की. कागदावर एकदम चोख, तुझ्या गाईडलासुद्धा आवडलं असतं.

पण उसाला कळत नसलं तरी दारं धरणाऱ्याला कळतं ना. मोटर चालू झाली की पाणी आपोआप सरीत जात नाही, फावडं घेऊन एक माणूस उभा लागतो, एक सरी भरली की बांध फोडून दुसरीकडे वळवायचं, थंडीत गुडघाभर चिखलात. आणि आपल्या जुन्नर भागात उसात कोण राहतं ते तुला सांगायला नको, लहानपणी तुला अंधार पडल्यावर अंगणाबाहेर जाऊ देत नव्हतो ते काय उगाच? बिबट्याच्या पिल्लांना ऊस हेच जंगल वाटतं, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उभं राहिलं ते काय हौसेनं नाही. शिवाय साप. म्हणजे आम्ही लॉगशीटवर लिहायचो की लोड शिफ्ट केला, खरं तर आम्ही माणूस शिफ्ट करत होतो.

हे मला बसल्या बसल्या सुचलं असं समजू नकोस, मीही बरीच वर्षं फक्त अँपिअर लिहिले. एका रात्री दोनच्या सुमारास सबस्टेशनच्या फोनवर एका बाईचा फोन आला. तक्रार नाही काही, तिने फक्त विचारलं, दादा, लाईट किती वाजता जाणार? म्हणलं, सहाला. मग ती गप्पच. मी म्हणलं, काय झालं ताई? तर म्हणाली मालक अकराला गेलेत शेतावर, फोन घरीच राहिलाय, मी जागीच आहे. एवढंच. सकाळी तो माणूस धडधाकट घरी आला, विहिरीजवळच्या सपरात झोपला होता, नंतर एकदा रस्त्यात भेटला तेव्हा हसत होता. काहीच घडलं नाही. पण मला ती बाई विसरता येत नाही, कारण तिच्या नावावर शेत नाही, कनेक्शन नाही, मोटरचं बटण तिने आयुष्यात दाबलं नसेल, आणि माझ्या टाईमटेबलने तिची रात्र मात्र घेतली. ग्राहक म्हणून ती कुठल्याच रजिस्टरला नव्हती.

आता तुझं पुस्तक. तूच मागे सांगितलंस ना, ती बात्या फ्रीडमन म्हणून वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतली बाई, 1990च्या दशकात तिने मांडलं की यंत्र वापरणारे ते डायरेक्ट स्टेकहोल्डर आणि यंत्राला हातही न लावता ज्यांच्यावर परिणाम होतो ते इनडायरेक्ट, आणि डिझाईन करतानाच दोघांचा विचार करायचा, मागाहून नाही. तू ते एका दमात सांगून पुढच्या विषयाला लागलीस. मी मात्र तिथेच अडकलो. म्हणलं हिला दोन वाजताचा फोन कुणी सांगितला?

आणि कांटचं म्हणशील तर तो मला ऑटोने शिकवला. ऑटो म्हणजे रिक्षा नाही गं, मोटरच्या स्टार्टरला लावतात तो ऑटो स्विच. लाईट आली की मोटर आपोआप चालू. रात्री उठून विहिरीवर जायला नको, किती सोयीचं. एकाने लावला, त्याला सुख. मग सगळ्यांनी लावला. आता मी रात्री ब्रेकर टाकला, म्हणजे लाईन चालू केली, की त्या क्षणी फीडरवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठायच्या, आणि मोटर उठताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते हे तुला माहितीच आहे, की फीडर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, नाहीतर डीपी, म्हणजे वस्तीचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. डीपी जळाला की नवीन येईपर्यंत सगळी वस्ती अंधारात आणि पिकं वाळतात. आमचे साहेब मीटिंगा घेऊन सांगायचे ऑटो काढा, कॅपॅसिटर लावा. कोण काढतंय? मी काढला आणि शेजाऱ्याने नाही काढला तर माझी झोपही गेली आणि डीपीही गेला. तो कांट 1785 साली हेच तर लिहून गेलाय ना, की असा नियम धर जो सगळ्यांनीच धरला तरी तुला चालेल. आमच्या ऑटोवाल्यांना जर्मन येत नव्हतं, पण डीपी जळाल्यावर पारावर जी भांडणं व्हायची ती शब्दशः ह्याचीच.

फक्त एक गोष्ट आहे आणि ती तुझ्या सरांना विचार. साहेब लोक मीटिंगमध्ये ऑटो लावणाऱ्याला स्वार्थी म्हणायचे. मीही म्हणायचो. पण तो ऑटो का लावत होता? रात्री उसातून चालत जायला नको म्हणून. रात्री का? आम्ही टाईमटेबल तसं केलं म्हणून. मग पहिली चूक कुणाची धरायची, स्विच लावणाऱ्याची की टाईमटेबल लावणाऱ्याची? बेंथमचा हिशेब, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, त्यात आमचं टाईमटेबल बसत होतं बघ. शहरात लाखो लोकांना संध्याकाळी दिवे मिळाले आणि थोड्या लोकांची झोप गेली. बेरीज बरोबर आहे. पण पुढच्या वर्षीही तीच माणसं, त्याच्या पुढच्या वर्षीही तीच, हे बेरजेत दिसत नाही.

आमच्या खात्यात सगळंच असं होतं असं नाही हां. परमिटचं बघ. वायरमन लाईनवर चढणार तर आधी माझ्याकडून परमिट घेणार, मी फीडर बंद करणार, अर्थिंग होणार, आणि ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत केल्याशिवाय मी ब्रेकर टाकायचा नाही. मग वरून कुणाचाही फोन येऊ दे, पुढाऱ्याचा येऊ दे. पोलवरच्या माणसाचा जीव त्या कागदात बांधून ठेवलेला आहे. कुणीतरी कधीतरी बसून विचार केला असेल, की ऑपरेटर दमलेला असेल, घाबरट असेल, साहेबाच्या दबावाखाली असेल, तरीही वायरमन वाचला पाहिजे. माझ्या चांगुलपणावर सोडलं नाही. यंत्रात मूल्य घालणं म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी ते परमिट बुक दाखवीन, मोठं व्याख्यान नको.

तुझ्या त्या डचांचं मला कौतुक वाटतं ते ह्याच कारणाने. तू तिकडे नेदरलँड्समधल्या झीलंडला गेलीस तेव्हा त्या ओस्टरस्खेल्ड खाडीच्या दरवाजांचे फोटो पाठवलेस (नाव लिहायला मला पाच मिनिटं लागली), मग मी रात्री बसून सगळं वाचून काढलं. 1953च्या पुरात तिकडे 1836 माणसं गेली. तेवढं वाचूनच मला तुझी आजी आठवली, 12 जुलै 1961ला पानशेत फुटलं तेव्हा ती पुण्यात होती, नदीचं नाव काढलं की शेवटपर्यंत तिचा आवाज बदलायचा. तर अशा लोकांनी म्हणलं, समुद्राचं तोंडच बंद करून टाका, पक्कं धरण बांधा. कोण नाही म्हणेल? पण तिथले शिंपले-कालवंवाले आणि निसर्गवाले उभे राहिले, की भरती-ओहोटी थांबली तर खाडी मरेल आणि आमचा धंदाही. आता बघ, एकीकडे माणसांचे जीव, दुसरीकडे खाडी आणि पोट. वर्गात असाच प्रश्न देतात ना तुम्हाला, हे की ते? तिथल्या इंजिनिअरांनी हे-की-तेच मोडून काढलं. 62 मोठाले पोलादी दरवाजे असलेला बांध केला, एरवी उघडे, वादळाची भरती यायला लागली की बंद. 1986ला चालू झाला. खर्च भयंकर वाढला, भांडणं वर्षानुवर्षं चालली, पण इंजिनिअरिंग असं पाहिजे, नाहीतर नुसता निबंध.

आणि स्मार्ट मीटरचंही. 2009 साली त्यांच्या वरच्या सभागृहाने सक्तीचा स्मार्ट मीटर अडवला, कारण दर पंधरा मिनिटांचं रीडिंग बाहेर गेलं की घरात कोण कधी उठतं, कधी गावाला जातं सगळं कळतं. नंतर कायदा झाला तो नको म्हणायचा हक्क ठेवून. आपल्याकडे स्मार्ट मीटरवरून वाद झाला तो जास्त करून बिलाचा आणि प्रीपेडचा. मी स्वतः रीडिंगवाला माणूस, पण हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं की रीडिंग म्हणजे कुणाच्या तरी घराची खिडकी आहे.

आपल्या रात्रीच्या लाईटलाही आता असाच तिसरा रस्ता निघतोय. 2017पासून ती सौर कृषी वाहिनी योजना आलीय, सबस्टेशनच्या आसपास सोलर प्लँट आणि शेतीचा फीडर त्यावर. सूर्य काही रात्री चालत नाही, त्यामुळे झक मारत दिवसा लाईट. आम्ही इतकी वर्षं ज्याच्यावर डोकं फोडलं ते सोलरच्या प्लेटांनी सोडवलं, असं मी पारावर मोठ्या ऐटीत बोललो, तर तिथे एक मेंढरंवाले मामा बसलेले, ते म्हणाले, हा, पण प्लेटा गायरानात लावायच्या म्हणतात, मग आमच्या जितराबानं चरायचं कुठं? मी गप्प. बघ, पुन्हा रजिस्टरला नसलेला माणूस. मामांनी शाळेत पाय ठेवला नाही, पण तुझ्या फ्रीडमनबाईंच्या वर्गात त्यांना पहिल्या बाकावर बसवलं पाहिजे.

म्हणून तुझं सॉफ्टवेअर. तू म्हणालीस रात्री दोनला दर पडतात, मशीन आपोआप चालू होईल. होईल ना. पण तिकडे तुमची घरं एकावर एक, लाकडी फ्लोअर, तूच रडतेस की वरच्या मजल्यावरचा चालला तरी ऐकू येतं. मग रात्री दोनला वरचं मशीन गरगरायला लागल्यावर खालच्या मजल्यावरच्या नर्सने काय करायचं, जिची पहाटे ड्युटी आहे? तिने तुझं ॲप घेतलेलंच नाही. आणि झोपेत मशीन, ड्रायर चालू ठेवू नका असं तिकडचे आगीवालेच सांगतात असं तू एकदा आईला म्हणाली होतीस, ते कोडमध्ये कुठे आहे? आणि ज्याच्या घरी गाडी नाही, हीट पंप नाही, दोन बल्ब आणि एक शेगडी आहे, त्याच्याकडे हलवायला काहीच नाही, त्याने संध्याकाळचा महाग दर भरायचा का, कारण बाकीच्यांनी स्वस्तातला उचलला? आपल्याकडेही 2023च्या नियमांनी दिवसाच्या वेळेप्रमाणे दर आणलेत, दुपारी ऊन असताना स्वस्त. आई म्हणाली छान, दुपारी मशीन लावीन. शेजारची कामावर जाणारी म्हणाली, मी कधी लावू, रविवारी?

तू उत्तर काढशील ह्याची मला खात्री आहे, मला येत नाही. एक विनंती फक्त. तू तो रंगीत ग्राफ दाखवला होतास ना, चोवीस तासांचा, कुठला लोड कुठे गेला त्याचा. त्यात रात्री दोन ते पाचच्या खान्यात जेवढं काही जातं, तिथे एक कॉलम वाढव, त्या वेळी जागं कोण. आकडा नाही मिळाला तर नाव तरी लिही, नर्स, बाळंतीण, म्हातारा माणूस, काहीही. तुझे गाईड विचारतील हे काय, तर सांग आमच्या बाबांच्या लॉगशीटला हा कॉलम नव्हता.

शुक्रवारी प्रेझेंटेशन झालं की फोन कर, तुझ्या वेळेने उशीर झाला तरी चालेल, रात्रपाळीची सवय अजून गेलेली नाही, मी जागाच असतो. आईने शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट पाठवलंय, येणाऱ्या मुलाची बॅग 23 किलोची आहे म्हणून तिळाचे लाडू राहिले.

तुझा,
बाबा